पंचांगाने पोसलेली पुस्तके

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. एका रविवारी सकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. पंधरा वर्षांपूर्वी तो माझ्या इतिहासाच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत असे. आता एस. टी.चा शेवटचा थांबा ओलांडून पुढे चालत जावे लागते अशा एका गावी तो शिक्षक आहे. हातात भिजलेली कापडी पिशवी होती. चहा येण्याआधीच त्याने पिशवीतून चार लहान पुस्तके काढून माझ्यापुढे मांडली. एक गावातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांचे, एक ग्रामदैवताच्या यात्रेचे आणि दोन मुलांच्या गोष्टींची. सगळा मजकूर त्यानेच जमवलेला, पुस्तकेही त्यानेच छापून घेतलेली. प्रकाशक म्हणून मात्र पत्नीचे नाव. नोकरीत असताना धंदा करायचा म्हणजे नियमांची आडकाठी येते, म्हणून ही युक्ती.

“सर, यात्रेत पाचशे प्रती चार दिवसांत गेल्या,” तो म्हणाला. “शाळा सुटली की रात्री बारा-बारा वाजेपर्यंत हेच काम करतो. आता वाटतं, नोकरी सोडावी आणि पूर्ण वेळ पुस्तकंच काढावीत. घरचे वेड्यात काढतात. तुम्ही सांगा सर, राजीनामा देऊ का?”

वाचकहो, प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर देणाऱ्याच्या तोंडाला कोरड पडते. ‘दे’ म्हणावे तर उद्या त्याच्या मुलांच्या फीचे काय? ‘देऊ नकोस’ म्हणावे तर त्या ओव्या कोण छापणार? त्यात मी स्वतः या बाबतीत हात पोळून घेतलेला माणूस. बारा वर्षांपूर्वी आम्ही तिघा प्राध्यापकांनी पगारातून पैसे घालून आमच्या जिल्ह्याच्या इतिहासावर एक पुस्तक काढले. एक हजार प्रती छापल्या. दीडशे ओळखीपाळखीने विकल्या, शंभर फुकट वाटल्या, दोनशे एका दुकानात ठेवायला दिल्या. पुढे ते दुकान बंद झाले. प्रती परत आल्या नाहीत आणि पैसेही आले नाहीत. उरलेले गठ्ठे माझ्या पलंगाखाली गेले आणि एका पावसाळ्यात त्यातल्या निम्म्यांना वाळवी लागली. अशा माणसाने कोणाला काय सल्ला द्यावा?

पण मी इतिहासाचा मास्तर आहे. पुढचे काही सुचेनासे झाले की आम्ही मागे वळून पाहतो. त्या दिवशी त्याला जे सांगितले तेच आज थोडे नीट जुळवून तुमच्यापुढे ठेवतो. कारण हा प्रश्न नवा नाही. दुसऱ्याची नोकरी करता करता पुस्तके छापायची आणि एक दिवस तोच आपला उद्योग करायचा, हे आपल्याकडे पावणेदोनशे-दोनशे वर्षांपासून चालत आले आहे. मराठी पुस्तकांचा धंदाच मुळी अशा नोकरदार माणसांनी उभा केला आहे.

पहिले नाव गणपत कृष्णाजी यांचे. जन्म १७९९ चा. अमेरिकन मिशनरी मुंबईत आले आणि १८१६-१७ च्या सुमारास त्यांनी आपला छापखाना सुरू केला. त्यात ख्रिस्ती धर्माची मराठी पुस्तके छापली जात. गणपत कृष्णाजी या मिशनच्या छापखान्यात कामाला होते. शिळाछापाची विद्या त्यांनी तिथे पाहिली. शिळाछाप म्हणजे काय, हे शाळेतल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. एका विशिष्ट जातीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने अक्षरे उमटवायची आणि दगड ओला करायचा. पाणी कोऱ्या जागेवर राहते, अक्षरांवर राहत नाही. मग वरून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त अक्षरांना धरते. त्यावर कागद दाबला की झाले पान. यात शिशाचे खिळे पाडायला नकोत की जुळवायला नकोत. हस्ताक्षर चांगले असले की पुरे.

या माणसाच्या मनात आले की मिशनऱ्यांची पुस्तके छापून निघतात, मग आपल्या पोथ्या का निघू नयेत? त्यांनी घरीच लाकडाचे यंत्र करवून पाहिले, दगड तपासले, शाई तयार केली. गोविंद नारायण माडगावकर यांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक लिहिले, त्यात या उद्योगी माणसाविषयी मोठ्या कौतुकाने लिहिले आहे. नोकरीत शिकलेली विद्या घरी करून पाहायची, चुकली की पुन्हा करायची, असे हे दिवस. आज माझा विद्यार्थी रात्री बारा वाजेपर्यंत जागतो, तेच हे जागरण.

आता मुख्य गोष्ट पाहा. स्वतःचे यंत्र तयार झाल्यावर गणपत कृष्णाजींनी काय छापले? काव्य नाही, पुराण नाही. १८३१ साली, म्हणजे शके १७५३ चे, त्यांनी पंचांग छापले. मराठीतले हे पहिले छापील पंचांग समजले जाते.

का बरे पंचांगच? जरा विचार करा. त्या काळी ज्योतिषी हाताने पंचांग लिहीत आणि त्याच्या नकला होत. ज्या गावात जोशीबुवा, त्या गावात पंचांग. पण मुहूर्त, एकादशी, संकष्टी, नक्षत्र यांची गरज तर घरोघर होती. शेतकऱ्याला मृग कधी लागतो ते हवे, सासुरवाशिणीच्या आईला सण कधी ते हवे. म्हणजे गिऱ्हाईक आधीपासून तयार होते, माल तेवढा पोचत नव्हता. शिवाय पंचांगाला एक विलक्षण गुण आहे, ते वर्षाने निरुपयोगी होते! घरात रामायण एकदा आले की तीन पिढ्या पुरते. पंचांग मात्र दर पाडव्याला नवे घ्यावेच लागते. विकणाऱ्याला विक्रीचा दिवस ठाऊक, प्रती किती लागतील याचा मागच्या वर्षावरून अंदाज, आणि पैसे चार महिन्यांत मोकळे. पुस्तकाच्या धंद्यात पैसा अडकून पडणे हे मोठे दुखणे. त्यावर पंचांगाइतके चांगले औषध दुसरे नाही.

अडचणी नव्हत्या असे नाही. छापील कागदाला शिवावे की नाही, शाईत चरबी असते मग पोथी सोवळ्यात कशी घ्यावी, असे प्रश्न तेव्हाच्या सनातनी मंडळींना पडत. त्यांची शंका जावी म्हणून तुपाची शाई वापरल्याची हकीकत सांगतात. यातला धडा असा की गिऱ्हाइकाच्या शंकेवर त्यांनी वाद घातला नाही, शाई बदलली. पुढे त्यांनी देवनागरी खिळेही पाडून घेतले आणि पोथ्या-पुस्तके छापली. १८६० साली ते वारले, तेव्हा मुंबईतल्या नावाजलेल्या छापखान्यांत त्यांच्या छापखान्याची गणना होत होती.

दुसरे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी जुन्या पोथ्यांच्या पहिल्या पानावर वाचले असेल. ते म्हणजे निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी. जन्म १८३९ चा. घरची गरिबी, शिक्षण बेताचे. लहानपणीच ते मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामाला लागले. शिशाचा खिळा साच्यातून निघतो तेव्हा त्याच्या कडा खरखरीत असतात; त्या घासून सारख्या करायच्या, हे पोरासोरांचे काम. पण तिथे टॉमस ग्रॅहम यांच्यासारखा टाइपाचा मोठा जाणकार होता. घासता घासता जावजींना कळत गेले की चांगले अक्षर कशाला म्हणतात. पुढे त्यांनी आणखी काही छापखान्यांत नोकऱ्या केल्या. जिथे गेले तिथून पगाराबरोबर काहीतरी शिकून बाहेर पडले.

देवनागरी टाइप पाडणे किती किचकट, हे सांगितल्याशिवाय त्यांच्या कामाचे मोल कळणार नाही. इंग्रजीला सव्वीस अक्षरे, लहान-मोठी मिळून बावन्न. आपल्याकडे स्वर, व्यंजने, काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि वर जोडाक्षरे! संस्कृत छापायचे तर शेकडो वेगवेगळे खिळे लागतात. प्रत्येकासाठी आधी पोलादावर अक्षर कोरायचे, त्याचा ठसा तांब्यात उठवायचा, मग त्या ठशावर शिसे ओतायचे. कोरणाऱ्याचा हात केसभर चुकला की ओळ वाकडी दिसते. या कामात जावजींना राणोजी रावजी आरू हा असामान्य कारागीर साथीदार मिळाला. निर्णयसागरच्या टाइपाला जे वळण आले, त्यात आरूंच्या हाताचा मोठा वाटा आहे.

आता पायऱ्या पाहा. १८६४ साली, वयाच्या पंचविशीत, जावजींनी स्वतःचा कारखाना काढला तो टाइप पाडण्याचा. छापखाना काढला १८६९ साली. मध्ये पाच वर्षे गेली. हा क्रम उलटाही करता आला असता. पुस्तक छापायची हौस असलेला माणूस आधी छापखानाच काढतो, किंवा आधी पुस्तकच काढतो. जावजींनी आधी छापखानेवाल्यांना लागणारी वस्तू विकायला घेतली. कोणाचे पुस्तक चालो वा पडो, टाइप तर सर्वांनाच लागणार. शिसे झिजते, झिजले की नवे घ्यावे लागते. म्हणजे हेही एक प्रकारचे पंचांगच.

त्या पाच वर्षांत मुंबईत काय घडले ते आठवा. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस बंद झाला होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शेअरांच्या सट्ट्यात माणसे रातोरात लक्षाधीश होत होती. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. १८६४ साली सुरू झालेला एक लहानसा टाइपाचा कारखाना त्या पडझडीतून टिकून राहिला, यात जावजींच्या सावध चालीचा भाग असलाच पाहिजे.

मग छापखाना आला, पंचांग आले, पोथ्या आल्या. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ हे मुलांचे मासिक १८८१ पासून इथूनच निघू लागले. आणि हे सगळे पायावर उभे राहिल्यानंतर १८८६ साली ‘काव्यमाला’ सुरू झाली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी संपादलेली, अप्रसिद्ध आणि दुर्मिळ संस्कृत काव्ये, नाटके, अलंकारग्रंथ क्रमाक्रमाने प्रसिद्ध करणारी ही माला. यातले कितीतरी ग्रंथ तोवर हस्तलिखितांत बांधलेले होते. आजही संस्कृतचा अभ्यास करणारा माणूस, मग तो पुण्यात असो, काशीत असो की परदेशी विद्यापीठात असो, त्याला निर्णयसागरची प्रत हाताळावी लागते. शुद्ध पाठ, सुबक अक्षर आणि परवडणारी किंमत अशी तिची ख्याती झाली.

वाचकहो, मला इथेच थोडे थांबावेसे वाटते. ‘काव्यमाला’ हा काही झटपट पैसे मिळवून देणारा व्यवहार नव्हता. असले ग्रंथ घेणारे गिऱ्हाईक थोडे आणि विखुरलेले. छापायला टाइप महाग, तपासायला पंडित लागणार. हे काम जावजींनी पहिल्या वर्षी हाती घेतले असते तर निर्णयसागर हे नाव आज कोणाला ठाऊक नसते. त्यांनी ते टाइपाचा कारखाना काढल्यावर बावीस वर्षांनी घेतले. टाइपाने छापखाना पोसला, पंचांगाने आणि पोथ्यांनी कारभार पोसला, आणि त्या सगळ्यांनी मिळून संस्कृत ग्रंथ पोसले. १८९२ साली जावजी वारले. त्यांच्यामागे मुलगा तुकाराम जावजी आणि पुढे पांडुरंग जावजी यांनी काम चालवले. ज्याला शाळा धड मिळाली नाही त्याने पंडितांच्या पिढ्यांना पुस्तके पुरवली.

दोन ओळी टपालाविषयी सांगायला हव्यात, कारण खेड्यातल्या वाचकाचा या इतिहासाशी संबंध तिथेच येतो. १८५४ साली टपालाचे नवे दर लागू झाले. पत्र किती लांब जाते यावर नव्हे, तर त्याच्या वजनावर पैसे ठरू लागले. १८६३ साली बोरघाटाची रेल्वे पुरी होऊन मुंबई-पुणे गाडी सरळ धावू लागली. १८७७ साली व्ही. पी.ची सोय झाली, म्हणजे पोस्टमनने पुडके द्यायचे, पैसे घ्यायचे आणि प्रकाशकाला पोचवायचे. याचा अर्थ असा की ज्या गावात पुस्तकाचे दुकान नाही त्या गावातला मास्तरही गिऱ्हाईक झाला. मराठी प्रकाशकाला खेड्यातल्या शिक्षकाने फार मोठा आधार दिला आहे, ही गोष्ट आपण विसरतो.

आता तिसरी कहाणी, आणि ती शिक्षकाचीच आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर. जन्म २० मे १८५०. बी. ए. होऊन सरकारी हायस्कुलात मास्तर झाले. वडील कृष्णशास्त्री शिक्षणखात्यातले मोठे अधिकारी आणि विद्वान. वडिलांचे ‘शाळापत्रक’ हे शिक्षकांसाठी निघणारे सरकारी मासिक विष्णुशास्त्री चालवू लागले होते. त्यातून ते सरकारवर आणि मिशनऱ्यांवर टीका करीत. १८७५ साली सरकारने ते मासिकच बंद केले. दुसऱ्याच्या मालकीचे पत्र चालवण्याचा हा अनुभव.

पण त्याआधीच, जानेवारी १८७४ मध्ये, तेविसाव्या वर्षी त्यांनी स्वतःचे मासिक काढले होते, ‘निबंधमाला’. लेखक, संपादक आणि प्रकाशक एकच माणूस! जवळजवळ सगळा मजकूर त्यांच्या एकट्याच्या हातचा. दिवसा शाळेत इंग्रजी शिकवायचे, संध्याकाळी मराठीचा कैवार घ्यायचा. स्वतःचा छापखाना नाही. वर्गणीदार मिळवायचे, वर्गणी वसूल करायची, अंक रवाना करायचे. अशा ८४ अंकांची ही माला झाली. पुढे त्यांची बदली रत्नागिरीला झाली. आज कोकण रेल्वेने जाणाऱ्याला कल्पना येणार नाही, पण तेव्हा पुण्याहून रत्नागिरी म्हणजे घाट उतरून दुसऱ्याच मुलखात जाणे. मासिक पुण्याचे आणि लेखक समुद्रकाठी! सरकारी नोकरीत लेखणी मोकळी राहत नाही, याचा त्यांना पुरा अनुभव आला आणि १८७९ साली, एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी राजीनामा दिला.

मुलांना ही गोष्ट सांगताना आपण राजीनाम्याच्या बाणेदारपणावर भर देतो. तो खराच आहे. पण राजीनामा देताना विष्णुशास्त्र्यांच्या हाती काय काय होते, ते आपण सांगत नाही. सहा वर्षे चाललेले मासिक आणि त्याचे वर्गणीदार होते. १८७८ साली काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी चालवलेला ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू झाला होता. जुन्या बखरी, पत्रे, कविता त्यातून प्रसिद्ध होत आणि विष्णुशास्त्र्यांचे त्याला साहाय्य होते. त्याच वर्षी पुण्यात चित्रशाळा निघाली होती. देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे ती छापे. ही चित्रे ज्याला वाचता येत नाही त्याच्याही भिंतीवर लागत. राजीनाम्यानंतर, जानेवारी १८८० मध्ये, टिळकांसारखे तरुण साथीदार घेऊन न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. मग आर्यभूषण छापखाना आला आणि जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. छापखान्याचे सामान या मंडळींनी स्वतःच्या खांद्यावरून वाहिले अशी हकीकत सांगितली जाते.

हे सगळे जेमतेम अडीच वर्षांत झाले. १७ मार्च १८८२ रोजी विष्णुशास्त्री वारले, वयाची बत्तीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ‘निबंधमाले’तला ‘आमच्या देशाची स्थिति’ हा शेवटचा निबंध इंग्रज सरकारने १९१० साली जप्त केला आणि ती बंदी १९३७ मध्ये उठली. म्हणजे लेखक जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली तरी सरकारला त्या पानांची भीती वाटत होती.

पण इतिहास सांगताना दुसरी बाजू लपवू नये. मंडळींनी घाईने उभारलेल्या या व्यवहारावर कर्ज झाले. पुढे मंडळींत मतभेद झाले, वाटण्या झाल्या आणि ‘केसरी’ टिळकांकडे आला तो कर्जासकट. विष्णुशास्त्री एकटे असते तर त्यांच्या मृत्यूबरोबर सगळेच थांबले असते. मागे साथीदार होते म्हणून छापखाना चालला, पत्र चालले, शाळा चालली. चित्रशाळा तर वासुकाका जोशी यांनी पुढे कितीतरी वर्षे नावारूपाने चालवली.

आता या तिन्ही कहाण्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. गणपत कृष्णाजी आणि जावजी यांनी नोकरीकडे पाठ फिरवली तेव्हा त्यांच्या हाती दरवर्षी खपणारी वस्तू होती आणि ती स्वतःच्या हाताने करण्याची विद्या होती. विष्णुशास्त्र्यांनी नोकरी सोडली तेव्हा तशी मोठी मिळकत नव्हती, पण बांधलेले वर्गणीदार होते आणि जिवाला जीव देणारे सोबती होते. यातले काहीच जवळ नसताना ज्यांनी उडी घेतली त्यांचे काय झाले? १८६७ साली छापखान्यांचा आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा झाला. तेव्हापासून छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद होऊ लागली आणि दर तीन महिन्यांनी याद्या निघू लागल्या. त्या याद्या चाळल्या तर एक-दोन पुस्तकांपलीकडे ज्यांचे नाव दिसत नाही असे कितीतरी प्रकाशक भेटतात. त्यांच्याही घरी कोणाच्या तरी पलंगाखाली गठ्ठे राहिले असतील.

ही रीत पुढेही चालू राहिली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंक काढला आणि मराठी मासिकांना वर्षाचा एक हमखास बाजार मिळाला. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढले आणि पंचांग पुन्हा एकदा घरोघरच्या भिंतीवर गेले. वर्षातून एकदा लागणारी वस्तू ही छापणाऱ्याची अन्नदात्री आहे.

त्या रविवारी एवढे सगळे बोलून झाल्यावर मी माझ्या विद्यार्थ्याला एक वही आणायला सांगितली आणि तीन प्रश्न लिहून दिले. पहिला, तुझे पंचांग कोणते? म्हणजे दरवर्षी लोक आपणहून मागायला येतील असे तुझ्यापाशी काय आहे? दुसरा, कागद, छपाई, बांधणी, विक्री यातले कोणते काम तुला स्वतःला येते आणि कशासाठी दुसऱ्याच्या दारी बसावे लागते? तिसरा, तू सहा महिने आजारी पडलास तर हे कोण चालवील?

पहिल्या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सर, यात्रेत ओव्यांचं पुस्तक गेलं, पण लोक विचारत होते ते वेगळंच. अमक्या गावची यात्रा कधी, तमका उरूस कधी, बाजार कोणत्या वारी. ते कुठेच एका जागी मिळत नाही.” मी म्हटले, “मग अजून बसलास का?”

यंदाच्या पाडव्याआधी त्याची पुस्तिका निघाली. तालुक्यातल्या सगळ्या यात्रा, उरूस, आठवडी बाजार, एस. टी.ची वेळापत्रके, आणि मागच्या चार पानांवर निवडक ओव्या. दीड हजार प्रती काढल्या. पुस्तकाच्या दुकानात एकही ठेवली नाही. किराणा दुकानांत, गुरवांकडे आणि पिठाच्या गिरण्यांत ठेवल्या. पत्नीने हिशेब ठेवला, धाकट्या भावाने मोटारसायकलवरून गठ्ठे पोचवले. अकराशे प्रती गेल्या. खर्च निघून जे उरले त्यात ओव्यांच्या दुसऱ्या भागाचा कागद आला.

नोकरी त्याने सोडलेली नाही. परवा फोनवर म्हणाला, “अजून दोन पाडवे बघतो, सर. तिन्ही वर्षांचे आकडे तुमच्यापुढे ठेवतो, मग बोलू.” मला हे उत्तर आवडले. घरच्यांनाही आवडले असावे, कारण आता त्याचे वडीलच गिरणीत बसून पुस्तिका विकतात असे ऐकतो.

जाता जाता आणखी एक सांगतो. त्या रविवारी निघताना त्याने माझ्या पलंगाखालचा, वाळवीने सोडलेला एक गठ्ठा मागून नेला. यात्रेच्या पालात, आपल्या पुस्तिकेशेजारी, त्याने आमचा तो जिल्ह्याचा इतिहास मांडून ठेवला. बारा वर्षे पडून राहिलेल्या त्या पुस्तकाच्या चौदा प्रती गेल्या आणि त्यांचे पैसे, पै-पैच्या हिशेबासह, मला मिळाले.